उद्यांचें धन आणि आजची लढाई

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ प्रसिद्ध आहे, त्यांत चेंडू पायापेक्षां हातांतच अधिक वेळ असतो. त्या खेळाच्या व्यावसायिक संघांत १९३६ सालापासून एक चाल चालत आली आहे. महाविद्यालयांतून दरवर्षीं जे नवे खेळाडू बाहेर पडतात, त्यांची निवड संघांनीं पाळीपाळीनें करावयाची. आणि मागल्या हंगामांत जो संघ सर्वांच्या मागें राहिला असेल, त्यास निवडीचा पहिला मान द्यावयाचा, असा साधारण नियम आहे. हेतु हा कीं, दुबळ्यास बळ मिळावें आणि खेळांतील चुरस टिकावी. परंतु जो हक्क हातांत येतो तो विकतांहि येतो. पुढील दोन-तीन वर्षांच्या पाळ्या आजच दुसऱ्या संघास देऊन टाकाव्या आणि त्यांच्या मोबदल्यांत एखादा तयार, नांवाजलेला गडी पदरांत पाडून घ्यावा, असे सौदे तेथें नित्य होतात.

या सौद्यांचे परिणाम दोन्ही तऱ्हेचे झाले आहेत. १९८९ सालीं मिनेसोटाच्या संघानें हर्शेल वॉकर या एका गड्यासाठीं डॅलसच्या संघास आपले कांहीं खेळाडू आणि पुढील वर्षांच्या अनेक पाळ्या देऊन टाकल्या. वॉकर तेथें तीन हंगाम राहिला. जेतेपद कांहीं आलें नाहीं. उलट डॅलसनें नव्या रक्ताचा संघ बांधला आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांचीं अजिंक्यपदें मिळविलीं. या गोष्टीवरून उद्यांचें आज विकणें मूर्खपणाचें, असा निर्णय कोणी देईल, तर त्यास २०२१ सालचें उदाहरण आडवें येतें. त्या वर्षीं लॉस एंजल्सच्या संघानें मॅथ्यू स्टॅफर्ड या खेळाडूसाठीं पुढील दोन वर्षांच्या पहिल्या पाळ्या आणि आणखी कांहीं दिलें; आणि २०२२ च्या फेब्रुवारींत त्याच संघानें अजिंक्यपद जिंकलें. एकाच चालीनें एक संघ बुडाला आणि दुसरा तरला.

मग हा सौदा करावा कीं करूं नये? खेळाच्या मैदानावर हा प्रश्न चुकला तर फार झालें तर एक चषक जातो. परंतु हाच प्रश्न महाराष्ट्रापुढें एके काळीं उभा राहिला होता, आणि त्या वेळीं पणास लागलें होतें तें राज्य. त्या प्रश्नाचा आरंभ, मध्य आणि शेवट हे तिन्ही ज्या मुलखांत पाहावयास मिळतात, तो मुलूख म्हणजे आजचे सातारा व सांगली हे जिल्हे होत.

शिवछत्रपतींचा या बाबतींतला नियम स्पष्ट होता. फौजेचा पगार सरकारी खजिन्यांतून रोख द्यावा, नाहीं तर खजिन्यावर वरात द्यावी. पण फौजेच्या पोटासाठीं मुलूख तोडून देऊं नये. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांचीं वतनें पूर्वापार चालत आलेलीं होतीं. तीं त्यांनीं समूळ उपटलीं नाहींत. पण वतनदारानें रयतेकडून आपल्या हातानें हवें तें उकळावें ही चाल मोडली, त्याचे हक्क नेमून दिले, आणि गांवोगांवचे बुरुजबंद वाडे पाडविले, असें कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरींत सांगतो. यांतलें इंगित उघड आहे. रोख पगार घेणारा शिपाई पगाराच्या दिवशीं धन्याच्या तोंडाकडे पाहतो. जमिनीचा मालक झालेला शिपाई जमिनीकडे पाहतो. त्याची पाठ कोणाकडे होते, हें मग सांगावयास नको.

हा नियम सुकाळांतला होता. दुष्काळ आला तो १६८९ सालीं. मार्च महिन्यांत संभाजी महाराजांचा वध झाला. वर्ष संपण्यापूर्वीं रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हातीं सांपडले. राजाराम महाराज दक्षिणेंत दूर जिंजीच्या किल्ल्यावर गेले, आणि स्वदेशचा भार रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक या मंडळींच्या खांद्यावर आला. खजिना रिकामा; गड एकामागून एक चाललेले; आणि खुद्द औरंगजेब अफाट फौज घेऊन दक्षिणेंत ठाण मांडून बसलेला. या बादशहापाशीं तोफांहून प्रभावी असें एक हत्यार होतें, तें म्हणजे वतनाची सनद. जो देशमुख बादशाही चाकरींत येईल त्याचें वतन कायम, आणि वर मनसबीची आशा. सह्याद्रीच्या कुशींतल्या वतनदारास दोन दारें दिसत होतीं: एकांत पिढीजाद भाकर, दुसऱ्यांत पळून गेलेल्या राजाची चाकरी.

अशा वेळीं राजाराम महाराजांपाशीं देण्यासारखें काय होतें? पैसा नव्हता. हातांत मुलूखहि नव्हता. एकच वस्तु शिल्लक होती, ती म्हणजे उद्यां. तीच त्यांनीं बाजारांत मांडली. ज्यानें आपल्या हिमतीवर फौज उभी करावी, मोगलांच्या ताब्यांतला मुलूख मारावा, त्याला त्याच मुलखांत सरंजाम द्यावा, वतन द्यावें, इनाम द्यावें, असें धोरण ठरलें. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठीं नेमून दिलेला मुलखाचा वसूल. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क. कागदावर या दोहोंत भेद होता. संकटाच्या घाईंत तो पाहण्यास कोणास फुरसत नव्हती.

या सौद्याचा अत्यंत बोलका नमुना १६९१ सालचा आहे. हणमंतराव घोरपडे यांस दिलेल्या सनदेंत बक्षिसाचे टप्पे पाडले आहेत. रायगड घेतल्यावर इतकें, विजापूर घेतल्यावर इतकें, मग भागानगर, मग औरंगाबाद, आणि उरलेलें दिल्ली घेतल्यावर! ज्या राजास स्वतःच्या राजधानींत पाऊल टाकतां येत नव्हतें, तो दिल्लीच्या हिशेबानें देणें कबूल करीत होता. आज ती सनद वाचणारास क्षणभर हंसूं येतें, आणि लगेच तें ओंठांवरच विरतें. कारण याच सनदा घेऊन माणसें घोड्यावर बसलीं आणि लढलीं.

त्या लढाईचें फळहि दृष्टीसमोर आहे. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं मोगली फौजांस सळो कीं पळो करून सोडलें. जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. आणि किल्ला पडला तेव्हां राजाराम महाराज त्यांत नव्हते. ते महाराष्ट्रांत परतले आणि त्यांनीं साताऱ्यास राजधानी केली. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याखालीं येऊन बसला. प्रयागजी प्रभु यानें तो किल्ला चार महिन्यांहून अधिक काळ झुंजविला. सुरुंगांच्या स्फोटांत किल्ल्याचा तट ढासळला, पण त्याच ढिगाऱ्याखालीं मोगलांचींहि माणसें मोठ्या संख्येनें गाडलीं गेलीं. मार्च १७०० मध्यें सिंहगडावर राजाराम महाराजांचें देहावसान झालें, आणि त्यानंतर एप्रिलांत सातारा बादशहाच्या हवालीं झाला. तरी युद्ध थांबलें नाहीं. ताराबाईंनीं तें पुढें चालविलें. आणि १७०७ सालीं अहमदनगरास औरंगजेबाचा अंत झाला, तेव्हां मराठ्यांचें राज्य जिवंत होतें.

सारांश, १६९० च्या सुमारास उद्यांचें धन विकलें नसतें, तर उद्यां उजाडलाच नसता. राजाराम महाराजांनीं जें देऊन टाकलें, तें न देतां त्यांच्यापाशीं राहिलें असतें काय? तें मोगलांचेंच होणार होतें. बुडत्या घरांतली वस्तु शेजाऱ्यास देऊन त्याच्याकडून दोर मिळविणारास उधळ्या म्हणतां येत नाहीं. या धोरणावर टीका करणारानें ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे.

पण त्या काळच्या जाणत्या माणसांना आपण काय करीत आहोंत याची पुरी कल्पना होती, हेंहि तितकेंच खरें. सभासदाची बखर १६९७ सालीं जिंजीस, राजाराम महाराजांच्याच आज्ञेवरून लिहिली गेली. बाहेर वेढा पडलेला, आंत वतनांच्या सनदांवर शिक्के उमटत आहेत, आणि त्याच किल्ल्यांत एक वृद्ध कारकून थोरल्या महाराजांनीं वतनदारांचे वाडे कसे पाडविले तें लिहून काढीत आहे! दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. १७१५ च्या सुमारास राजनीतीवर ‘आज्ञापत्र’ या नांवाचा जो ग्रंथ झाला, तो रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. त्यांत वतनदार हे नांवाला प्रजा, पण वस्तुतः राज्याचे वांटेकरी होत, त्यांस वाढूं देऊं नये, आणि नवीन वतन तर सहसा देऊंच नये, असा कडक इशारा आहे. ज्यांच्या कारकीर्दींत सनदांचा पाऊस पडला, त्यांनींच हा इशारा लिहावा! त्यांत ढोंग नाहीं, अनुभव आहे. आणि अनुभवहि असा कीं, तो लिहिणारासहि त्यापासून सुटतां आलें नाहीं. रामचंद्रपंतांच्या वंशांत बावड्याची जहागीर चालली. परशुराम त्रिंबकांच्या वंशांत औंध. शंकराजी नारायणांच्या वंशांत भोर. वेढ्याच्या काळांत राज्य सांभाळणाऱ्या तिघांच्या मागें तीन वंशपरंपरेचीं संस्थानें उभीं राहिलीं.

खरा प्रश्न उपस्थित होतो तो १७०७ नंतर. वेढा उठला, मोडलेला नियम पुन्हां कां बसविला नाहीं? उत्तर असें कीं, विकलेलें परत घेण्यास बळ लागतें, आणि तें बळच विकलें गेलें होतें. मोगलांच्या कैदेंतून सुटून शाहू महाराज आले. त्याच वर्षीं खेडच्या लढाईंत धनाजी जाधव त्यांच्या बाजूस मिळाला, आणि जानेवारी १७०८ मध्यें साताऱ्यास त्यांस राज्याभिषेक झाला. पण ताराबाईंचा पक्ष कायम होता. छत्रपतींच्या गाद्या दोन झाल्या, म्हणजे प्रत्येक सरदारास गिऱ्हाइकें दोन झालीं. ज्याचा सरंजाम सातारा कमी करील, त्यास तो कोल्हापुरास वाढवून मिळे. अशा लिलावांत पूर्वीं दिलेलें परत मागण्याची गोष्ट कोण काढणार? आपत्तीचा उपाय म्हणून जी चाल पडली, ती संपत्तीच्या दिवसांत राज्याची घटना होऊन बसली.

बाळाजी विश्वनाथ १७१३ सालीं पेशवा झाला, तेव्हां त्याच्यापुढें हीच परिस्थिति होती. १७१९ सालीं त्यानें दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या. मोगलांच्या दक्षिणेंतील सहा सुभ्यांच्या वसुलाचा चौथा हिस्सा ही चौथाई, आणि दहावा हिस्सा ही सरदेशमुखी. सरदेशमुखी छत्रपतींची खास. चौथाईची वांटणी कशी झाली, तें पाहण्याजोगें आहे. चौथाईचे शंभर भाग कल्पिले, तर त्यांतले २५ भाग ‘बाबती’ म्हणून छत्रपतींच्या खजिन्यांत जावयाचे. ६ भाग ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवांस. ३ भाग ‘नाडगौडा’ म्हणून छत्रपति ज्यास देतील त्यास. आणि राहिलेले ६६ भाग हा ‘मोकासा’, तो फौजा बाळगण्यासाठीं सरदारांस. शंभरांतले सहासष्ट भाग जन्मतःच दुसऱ्याच्या हातीं! शिवाय एका सरदाराचें एका प्रांतांत फार प्रस्थ होऊं नये, म्हणून हे हक्क एकमेकांत गुंतवून ठेवले. १८१८ पासून चार वर्षें साताऱ्यास राहून तेथील कागदपत्र पाहणारा इतिहासकार ग्रँट डफ यानें या गुंतागुंतीचें वर्णन केलें आहे.

पेशव्याची बुद्धि यांत नाकारतां येणार नाहीं. मुलूख वाढला तर सरदाराचा हिस्सा वाढे, म्हणून सरदार आपण होऊन मुलूख वाढवीत. माळवा, गुजराथ, बुंदेलखंड या प्रांतांत मराठ्यांचीं निशाणें गेलीं, तीं याच योजनेच्या जोरावर. परंतु गांवच्या चावडींत या योजनेचा चेहरा निराळा दिसे. ज्या गांवांतून पूर्वीं एका सरकारचा वसूल निघे, तेथें बाबती, मोकासा, साहोत्रा आणि सरदेशमुखी यांचे निरनिराळे हक्कदार उभे राहिले. पाटलानें ज्वारी मळावी एकदां आणि मापावी अनेकांस! राज्यकर्त्यांनीं आपसांत उद्यांचे वांटे केले, तेव्हां ज्याच्या शेतांत तो उद्यां पिकावयाचा होता, त्यास कोणी विचारलें नाहीं.

खुद्द राज्य चालविणाराच्या हातांतहि पैसा उरेना. थोरल्या बाजीरावांसारखा रणधुरंधर पेशवा साताऱ्याजवळच्या धावडशीस ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रें लिहितो, तीं सावकारांच्या तगाद्यानें जीव नकोसा झाल्याच्या तक्रारींनीं भरलेलीं आहेत. फौजेस आज पैसा हवा. चौथाई स्वारीनंतर येणार. मधलें अंतर सावकाराच्या कर्जानें भरून काढावयाचें, आणि कर्ज फेडण्यासाठीं पुन्हां स्वारी करावयाची. वर्षाच्या आरंभींच वर्षाचा वसूल गहाण पडे. विजयाचें प्रत्येक वर्ष पुढल्या वर्षाचें देणेंकरी होऊन उगवे.

सरंजामाची चाल सर्वस्वी वाईटच होती, असें मात्र नाहीं. तिची चांगली बाजू पाहावयाची तर कृष्णाकांठानें खालीं मिरज-सांगलीकडे यावें लागतें. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७६४ च्या सुमारास, गोविंद हरि पटवर्धन व त्यांचे बंधु-पुतणे यांस मिरज आणि आसपासचा मोठा सरंजाम मिळाला. हेतु निश्चित होता. दक्षिणेकडून हैदर अली चढून येत होता. त्या सरहद्दीवर कायम फौज हवी होती. ती पटवर्धनांनीं दिली. तासगांवचे परशुरामभाऊ १७९० ते १७९२ या काळांत टिपूवरील मोहिमेंत लढले, १७९५ सालीं खर्ड्याच्या रणांत होते, आणि १७९९ सालीं कोल्हापूरकरांशीं लढतांना पट्टणकुडीस धारातीर्थीं पडले. येथें सौद्याचीं दोन्ही अंगें पुरीं झालीं: राज्यानें वसूल दिला, सरदारानें प्राण दिला.

पण परशुरामभाऊंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं काय दिसतें? मिरजेस चुलता गंगाधरराव आणि पुतण्या चिंतामणराव आप्पासाहेब यांचें बिनसलें. १८०१ सालीं चिंतामणराव आपला वांटा आणि आपलें आराध्यदैवत गणपति घेऊन मिरजेंतून बाहेर पडले आणि त्यांनीं सांगली वसविली. सांगलीच्या दृष्टीनें तो मंगल दिवस. त्या पुरुषाच्या कर्तृत्वानें एका खेड्याचें नगर झालें आणि कृष्णेच्या कांठीं गणपतीचें देखणें मंदिर उभें राहिलें. राज्याच्या दृष्टीनें मात्र अर्थ निराळा होता. सरहद्द राखण्यासाठीं दिलेला सरंजाम भाऊबंदांत शेतीवाडीसारखा वांटला गेला. १८२० सालीं मिरजेचेहि थोरली पाती व धाकटी पाती असे दोन तुकडे झाले. फौजेचे तुकडे करतां येतात, पण तुकड्यांची पुन्हां फौज होत नाहीं.

दुसऱ्या बाजीरावानें हे सरंजाम परत घेण्याचा प्रयत्न केला. राज्याचा धनी म्हणून तसा हक्क त्यास होता. विश्वास मात्र नव्हता. त्याचा हात द्वेषानें चालतो कीं न्यायानें, हें कोणास सांगतां येईना. अखेर १८१२ सालीं पंढरपूरचा ठराव झाला. सरंजामदारांनीं पेशव्याची चाकरी करावी, पेशव्यानें त्यांच्या सरंजामास हात लावूं नये, आणि या दोन्ही गोष्टींस जामीन इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन! मराठी राज्यांतल्या सरदाराच्या उद्यांची हमी त्या दिवसापासून पुण्याच्या शनिवारवाड्यांत उरली नाहीं. ती कंपनी सरकारच्या दप्तरांत गेली.

या कथेचा शेवट जेथें आरंभ झाला तेथेंच, साताऱ्यास झाला. १८१८ च्या फेब्रुवारींत इंग्रजांनीं साताऱ्याचा किल्ला फारशा प्रतिकाराशिवाय घेतला, आणि ११ फेब्रुवारीस एल्फिन्स्टननें तेथून आपला सुप्रसिद्ध जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा होता कीं, वतनें, इनामें, वर्षासनें, देवस्थानें यांस धक्का लागणार नाहीं. मात्र जे कोणी बाजीरावाच्या चाकरींत असतील त्यांनीं दोन महिन्यांच्या आंत आपापल्या घरीं यावें, न येतील त्यांचीं वतनें जप्त होतील. या कागदानें पेशव्याची फौज वितळली. २० फेब्रुवारीस अष्टीच्या रणांत बापू गोखले पडले, ते मागें राहिलेल्या थोड्यांपैकीं होते. पटवर्धनादि मोठ्या सरंजामदारांनीं या युद्धांत जिवावर उदार होऊन कांहीं केलें नाहीं. त्यांस भ्याड म्हणण्याचें कारण नाहीं. जो हक्क त्यांचे पणजे रक्त देऊन मिळवून बसले, तो राखणें हाच त्यांस आपला धर्म वाटला.

१६९१ ची सनद आणि १८१८ चा जाहीरनामा हे दोन कागद शेजारीं ठेवून वाचावे. दोहोंत आमिष एकच आहे. पहिल्यानें वतनाच्या आशेनें माणसें राजासाठीं घोड्यावर चढलीं. दुसऱ्यानें वतनाच्या भीतीनें तींच माणसें घोड्यावरून उतरलीं. वतनानें बांधलेला मनुष्य वतनाशीं बांधला जातो. तें देणाराशीं तो बांधला गेला आहे, हा भ्रम देणाराचा.

आणि ज्यांनीं या रीतीनें वतन राखलें, त्यांचें तरी पुढें काय झालें? साताऱ्याचें राज्य इंग्रजांनीं १८१९ च्या तहानें प्रतापसिंह महाराजांस दिलें, १८३९ सालीं त्यांस पदच्युत केलें, आणि १८४८ सालीं वारस नाहीं म्हणून तें खालसा केलें. त्याच साली पटवर्धनांची तासगांवची जहागीरहि खालसा झाली. १८५२ सालीं इनाम कमिशन बसलें, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सनदा कारकुनांच्या मेजावर तपासणीस आल्या. सांगली, औंध, भोर हीं संस्थानें टिकलीं; तीं ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें.

तेव्हां उद्यांचें धन आज विकावें कीं नाहीं? न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या विचारवंतांनीं शिवछत्रपतींच्या व्यवस्थेपासून ढळणें हें मराठी राज्याच्या दुर्बलतेचें एक कारण मानलें, तें योग्यच आहे. पण दोष १६९० च्या विक्रीचा कीं तिच्या अटींचा, हा विवेक केला पाहिजे. अमेरिकेंतला संघ निवडीची पाळी विकतो, ती अमुक वर्षाची असते. तें वर्ष सरलें कीं पुढल्या वर्षाची पाळी आपोआप त्याच्या घरीं येते. मिनेसोटाच्या संघानेंहि कांहीं वर्षें गमावलीं. संघ गमावला नाहीं. कृष्णाकांठचा शेतकरी हा भेद पुस्तकाशिवाय जाणतो. मुलीच्या लग्नासाठीं तो उभें पीक विकील. फार नड आली तर दोन वर्षांचें पीक सावकारास लिहून देईल. पण शेत विकावयाचें म्हटलें कीं त्याचा हात थरथरतो. राजाराम महाराजांनीं नडीस पीक विकावयास काढलें, आणि घेणारांनीं शेताचें खरेदीखत लिहून घेतलें. वेढ्यांत सांपडलेल्या राजास त्या कागदावर मुदत घालतां आली नाहीं, ही त्याची लाचारी होती. पुढें ज्यांच्या हातांत सत्ता व यश आलें, त्यांनींहि ती घातली नाहीं, हा त्यांचा दोष होय.

१७०० सालीं साताऱ्याचा किल्ला चार महिन्यांहून अधिक लढला. १८१८ सालीं तो फारसा लढलाच नाहीं. तट तेच होते. आंतल्या शिपायापाशीं पहिल्या वेळीं मिळवावयाचें सर्व कांहीं होतें, आणि दुसऱ्या वेळीं त्याच्या धन्याचें धन्यापाशीं देण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.